बाबांच्या शर्टांची आईसाठी गोधडी शिवायची आहे, पण कापायला हात धजत नाही

नवखा_दोरा

नमस्कार मंडळी. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचे ९ शर्ट कपाटात घडी घालून ठेवलेले आहेत. आई अधूनमधून कपाट उघडते, शर्टांवरून हात फिरवते आणि कपाट बंद करते. तिला थंडी फार वाजते, पण जाड रजई अंगावर घेतली की जीव घुसमटतो म्हणते. म्हणून या शर्टांची एक गोधडी शिवून तिला द्यावी असं मनात आहे. तिच्या वाढदिवसाला अजून ५ महिने आहेत. तोवर तिला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलंय.

मला बटण लावता येतं, उसवलेली शिवण घालता येते, मशीनवर सरळ टीप मारता येते. यापुढे अनुभव नाही.

शर्ट सगळे लांब बाह्यांचे, आणि बाबा अंगाने चांगले भरलेले होते, त्यामुळे कापड बरंच आहे. सहा शर्ट सुती वाटतात, तीन जरा गुळगुळीत आहेत, इस्त्री न करताही बरे दिसणारे. एका फिक्कट निळ्या शर्टाच्या खिशाच्या तळाशी शाईचा डाग आहे, तो खाली दोन-तीन बोटं ओघळलाय. बाबा पेनाला टोपण लावायला विसरायचे. आईने तो डाग काढायला किती उपाय केले असतील, गेला नाही. तो भाग टाकून द्यायचा की घ्यायचा?

मधे काय घालायचं, शर्ट पुरतील का, हाताने शिवू की मशीनवर, ५ महिन्यांत होईल का, हेही सांगा. शिवाय ताईला बाळ होणार आहे. कापड उरलं तर बाळासाठी एक छोटं दुपटं करावं असा विचार आहे.

आणि खरी अडचण अशी, की दोनदा कात्री घेऊन बसलो आणि शर्ट परत घडी घालून ठेवून दिले. कापवतच नाही.

तिरकी_टीप

चौकोन एकमेकांना जोडायचं काम बिनधास्त मशीनवर करा. ती शिवण आतल्या बाजूला जाते, कुणाला दिसत नाही, आणि मशीनची टीप हातशिलाईपेक्षा सारखी आणि पक्की येते. थर एकत्र शिवायचं काम मात्र हातानेच करा. घरच्या मशीनखाली एवढी मोठी गोधडी गुंडाळून सरकवायला सवय लागते, नवीन माणसाची खालच्या कापडाला चुणी पडतेच. हाताच्या धावदोऱ्याने कापड मऊ राहतं आणि गोधडी अंगाला लपेटते. मशीनच्या जवळजवळ टिपांनी ती ताठ होते. तुमच्या आईला अंगावर जड नको असेल तर हा फरक तिला पहिल्याच रात्री कळेल.

जुनी_सुई

तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. शिवणाचं सगळं सांगते, पण त्याच्या आधी एक गोष्ट. आईला विचारा. वाढदिवसाला अचानक हातात ठेवायला दुसरं काहीही चालेल, ही गोधडी नाही. ते शर्ट जसे तुमच्या बाबांचे तसे तिच्या नवऱ्याचे. तुम्हाला ते कपाटात पडून आहेत असं वाटतं, पण ती त्यांच्यावरून हात फिरवते, म्हणजे तिच्या परीने ते वापरातलेच आहेत. एक दिवस कपाट उघडलं आणि तिथे ते नसले, तर पुढे गोधडी कितीही सुंदर निघाली तरी मधले ते दिवस तिने कसे काढायचे?

माझ्या सासूबाईंसाठी मी सासऱ्यांच्या कपड्यांची गोधडी शिवली. सगळे कपडे पलंगावर मांडले आणि म्हटलं, यातलं काय कापू ते तुम्ही सांगा. त्यांनी एकेक कपडा उचलून पाहिला, काहींचा वास घेतला, आणि दोन ढीग केले. एक बंडी त्यांनी कुठल्याच ढिगात ठेवली नाही, ती उचलून उशीखाली ठेवली. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. नंतर कापायला बसले तेव्हा हात जराही अडला नाही, कारण काय कापायचं ते त्यांनी ठरवलं होतं. पुढे रोज दुपारी त्या शेजारी येऊन बसायच्या आणि हा सदरा कुठे घातला होता, तो कुणी शिवला होता, असं काय काय सांगायच्या. सासऱ्यांबद्दल इतकं बोलताना त्यांना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. गुपचूप शिवली असती तर हे सगळं राहून गेलं असतं. तुमचा हात धजत नाही त्याचं कारणही मला हेच वाटतं. ज्या गोष्टीवर तुमचा एकट्याचा हक्क नाही ती कापायला निघालात म्हणून कात्री अडते.

आता हिशोब. एका माणसाच्या गोधडीला ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब हे माप चांगलं. चौकोन ६ इंचांचे धरले तर आडवे १० आणि उभे १४, म्हणजे १४० चौकोन. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं, म्हणून कापताना साडेसहा इंचांचा चौकोन कापायचा. लांब बाह्यांच्या मोठ्या शर्टातून पाठ, पुढचे दोन्ही भाग आणि बाह्या मिळून २० चौकोन आरामात निघतात. म्हणजे ७ शर्ट पुरतात. दोन शर्ट अख्खे राहतील, ते राहूच द्या. त्यातला एखादा न धुतलेला असेल तर तो तसाच ठेवा. गोधडी कधी ना कधी धुवावी लागणार, आणि पहिल्या धुण्यातच माणसाचा वास जातो. हे आईलाही आधीच सांगा, म्हणजे कुठला शर्ट ठेवायचा ते ती त्या हिशोबाने ठरवेल.

गुळगुळीत शर्ट बहुतेक पॉलिएस्टर मिसळलेले असणार. शिवणीच्या आत दबलेल्या कापडाचा एक धागा काढून (शिलाईचा दोरा नव्हे) चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख मऊ पडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापड गोधडीत चालतं, फक्त इस्त्री मंद ठेवा. बाबांचे शर्ट वर्षानुवर्षं धुतलेले आहेत, जे आटायचं ते आटून झालंय. नवीन कापड अस्तराला घेणार असाल तर ते मात्र आधी धुवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडेल आणि वरचे चौकोन फुगतील. गडद शर्टांचा रंग जातो का तेही आत्ताच पाहा. ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून इस्त्री फिरवा, रुमालाला रंग लागला तर तो शर्ट वेगळा धुवून परत तपासा.

मधल्या थराला मी स्वतः जुन्या सुती साड्याच घालते. साधारण साडेपाच मीटरच्या साडीचे सव्वादोन मीटरचे दोन तुकडे करून लांबीकडून जोडले की या मापाचा एक अख्खा थर होतो आणि वर कापड उरतं. आईच्याच विरलेल्या साड्या असतील तर त्यांच्याइतकं हलकं आणि ऊबदार काही नाही. असे दोन थर मधे आणि एक साडी अस्तराला. एका जाड थरापेक्षा पातळ थर अनेक असले की मधे हवा धरली जाते आणि ऊब तीच देते, वजन देत नाही. पिंजलेला कापूस या गोधडीत घालू नका. तो सरकून गोळे होऊ नयेत म्हणून फार जवळ टाके घालावे लागतात, धुतल्यावर वाळत नाही आणि जड होतो.

कापण्याआधी प्रत्येक शर्ट खिडकीपाशी उजेडात धरा. खांदे, कोपर आणि कॉलरच्या खालचा भाग विरलेला असतो, उजेड चाळणीसारखा आरपार येतो. तिथला चौकोन घ्यावासाच वाटला तर मागे मलमलचा तुकडा लावून मग घ्या. कापताना कापडाच्या उभ्या धाग्याला धरून कापा. बाहीचा निमुळता भाग तिरका कापला जातो, आणि तिरका चौकोन ओढला की ताणतो, त्याच्यामुळे सगळी ओळ वाकडी जाते. पुठ्ठ्याचा साडेसहा इंचांचा एक चौकोन करून ठेवा आणि सगळे त्याच एका पुठ्ठ्यावरून आखा. आधी कापलेल्या चौकोनावरून पुढचा आखत गेलात तर माप नकळत वाढत जातं.

डागाचा तुकडा घ्याच. त्या खिशासकट घ्या. सगळ्या शर्टांत हाच एक असा आहे की ज्याच्याकडे पाहून तुमची आई म्हणेल, हा त्यांचाच. चौकड्यांचे शर्ट कुणाकडेही असतात. बटणं मात्र काढा, कुशीवर वळलं की टोचतात.

जोडून झालं की जमिनीवर अस्तर उलटं पसरा, त्यावर मधले थर, वर चौकोनांचा थर सुलटा. प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे सारवल्यासारखा सपाट करा. मग वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा किंवा कच्चे टाके घाला. पिना लावत असाल तर आधी मोजून लिहून ठेवा आणि काढल्यावर परत मोजा. आईच्या अंगावर जाणार आहे, एकही आत राहता कामा नये. धावदोरा मधल्या ओळीपासून सुरू करून कडेकडे न्या, म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. सुरुवात आणि शेवटची गाठ थरांच्या आत ओढून घ्या.

दीड-दीड इंचावर उभ्या ओळी घातल्या तर ४० ओळी होतात, प्रत्येक ७ फुटांची. नव्या हाताला एका ओळीला तासभर धरा. रोज एक ओळ केली तरी दीड महिन्याच्या आत शिवण होतं. ५ महिने भरपूर आहेत, घाई करू नका. दोरा सुती घ्या, हातभरच ओवा, जास्त लांब घेतला की गुंततो. काहीजण मजबूत म्हणून नायलॉनचा दोरा वापरतात. जुन्या कापडाला तो काचतो. दोरा तुटला तर परत घालता येतो, कापड चिरलं तर काही करता येत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घाला, पहिल्या दिवसापासून. सवय नाही म्हणून काढून ठेवलंत तर चार ओळींनंतर बोट सोलवटेल आणि काम पडून राहील.

काठ_पदर

जुनी_सुई यांनी आईला विचारायचं म्हटलंय ते शंभर टक्के पटलं. आईने कापायला नको म्हटलं तरी वाट बंद होत नाही, म्हणून लिहितोय. अख्खा शर्ट पसरून, कडेने बारीक टाके घालून, दुसऱ्या गोधडीवर शिवता येतो. बाही, कॉलर, सगळं शाबूत राहतं. फक्त अशी गोधडी अंगावर घेण्यापेक्षा पलंगावर पसरायला जास्त बरी, शर्टाचे दुहेरी भाग जाड राहतात.

एड्सने गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेली जी प्रचंड गोधडी आहे, तिच्यातही लोकांनी हेच केलंय. एकेका माणसासाठी ३ फूट बाय ६ फुटांचा तुकडा, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वॉशिंग्टनमध्ये मैदानावर पहिल्यांदा पसरली तेव्हा १९२० तुकडे होते. तिच्या तुकड्यांवर शर्ट आहेत, जीन्स आहेत, खेळणी आहेत. बनवणारे बरेचसे तुमच्यासारखेच होते, आयुष्यात पहिल्यांदा सुई धरलेले आईवडील, मित्र, जोडीदार. त्यातले टाके वाकडे आहेत म्हणून कुणी नाक मुरडलेलं नाही. तेव्हा टीप सरळ येईल का याची चिंता सोडा.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते, म्हणून फक्त दुपट्याबद्दल. जरूर करा, पण ताईला एक सांगून द्या. पहिलं वर्षभर बाळ झोपलेलं असताना गोधडी, दुपटं, उशी यातलं काहीही त्याच्या अंगावर किंवा आजूबाजूला सुटं ठेवायचं नाही. ते तोंडावर आलं तर इतक्या लहान बाळाला बाजूला सारता येत नाही, आणि श्वास कोंडतो. बालरोगतज्ज्ञांच्या संघटना हे अगदी स्पष्ट सांगतात. प्रेमाने आलेली भेट आहे म्हणून ती पाळण्यात घालायचा मोह होतो, आणि देणाऱ्याने आधीच सांगितलेलं असलं की घरच्यांना नाही म्हणणं सोपं जातं.

मग ते वापरायचं कशासाठी? बाळ जागं असताना जमिनीवर पालथं घालायला. समोर कुणीतरी बसलेलं हवं. त्यासाठी ३ फूट बाय ३ फूट पुरे. वेगवेगळ्या रंगांचे चौकोन, चौकड्या, रेघा बाळाला बघायला आवडतात, आजोबांचे शर्ट त्याला छान उपयोगी पडतील. बटण, मणी, लेस, खिसा काही लावू नका, जे सुटतं ते तोंडात जातं. खालच्या बाजूला लांब टाके किंवा लोंबणारे दोरे ठेवू नका. बाळाच्या बोटाला दोरा गुंडाळला जाऊन रक्त अडल्याची उदाहरणं आम्ही पाहतो, त्यामुळे दुपट्याचे टाके मोठ्या गोधडीपेक्षा आखूड घाला आणि पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंनी बोट फिरवून तपासा. बाळ वर्षाचं झालं की मग खुशाल अंगावर घाला.

नवखा_दोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला विचारलं. आधी ती काहीच बोलली नाही, स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं विषय संपला. रात्री जेवणं झाल्यावर तिने स्वतःच सगळे शर्ट बाहेर काढले. एक तपकिरी चौकड्यांचा आणि एक पांढरा तिने बाजूला ठेवला, बाकीचे माझ्या मांडीवर ठेवले. म्हणजे बरोबर ७ राहिले. मधे घालायला स्वतःच्या तीन साड्याही दिल्या, आणि एकीबद्दल म्हणाली की ही बाबांनी आणली होती, पण मला तिचा रंग कधी आवडला नाही, आत घाल. ते ऐकून आम्ही दोघंही हसलो.

निळ्या शर्टाबद्दल तिने एकच अट घातली. खिसा आणि डाग उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर यायला हवा. पण खिसा आणि खालचा ओघळ मिळून साडेसहा इंचांत बसत नाही. काय करू? आणि बाळाच्या दुपट्याला कापड उरेल का?

जुनी_सुई

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

खिशाचा तुकडा दोन चौकोनांच्या जागेचा कापा. रुंदी साडेसहा, उंची साडेबारा इंच. दोन चौकोन उभे जोडले की त्यांचं माप तेवढंच भरतं, म्हणून तो ओळीत नेमका बसतो, बाकी काही बदलावं लागत नाही. कापण्याआधी खिशाच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा-अर्धा इंच मोकळं कापड सुटतंय ना ते बघा. खिशाची शिवण चौकोनाच्या शिवणीत अडकली तर तिथे जाड गाठोडं होतं. खिशाचं तोंड शिवू नका, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना मात्र चार-चार पक्के टाके घाला, हात जाऊन जाऊन तिथेच उसवतं. धावदोऱ्याची ओळ खिशाच्या आतल्या कापडातून न्या, खिसा उचलून.

जागा ठरवायची तर जोडण्याआधी सगळे चौकोन जमिनीवर मांडा आणि आईला स्वतः शेजारी उभं राहून बघू द्या. गोधडी अंगावर घेतल्यावर डोक्याकडची कड खांद्याशी येते, त्यामुळे छातीची उंची म्हणजे वरून दुसरी-तिसरी ओळ. उजवा हात म्हणजे तिचा उजवा, तुम्ही पायथ्याशी उभे राहून बघत असाल तर तो तुमच्या डावीकडे येतो. मांडणीचा फोटो काढून ठेवा आणि एकेक ओळ उचलून मागे खडूने क्रमांक घाला.

दुपट्याला ६ इंचांचे ३६ चौकोन लागतात, तेवढे या सातांतून सगळे निघणार नाहीत. पाठीच्या वरचे पट्टे, कफ, बाह्यांचे निमुळते तुकडे उरतील, त्यांचे ३ इंची चौकोन पाडा आणि जिथे कमी पडेल तिथे साडीचा उरलेला तुकडा घाला. बाळासाठी मऊ साडीच जास्त चांगली. बाजूला ठेवलेल्या दोन शर्टांना हात लावू नका.

कापायला सुरुवात करताना आधी दोनच चौकोन कापा, पाव इंचाची शिवण घालून जोडा, इस्त्री करा आणि मोजा. साडेबारा इंच भरलं की पुढचे कापा. कमी भरलं तर तुमची टीप आत जातेय, मशीनच्या पायाशेजारी, सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून घ्या आणि कापडाची कड तिला लावून चालवा.